अचलराव की धडकराव?

ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या कशेळी गावी टेनिस चेंडूचे सामने भरले आहेत आणि संघ तुम्हाला निवडायचा आहे, असे समजा. उमेदवार दोन तऱ्हांचे. अचलराव कधीच बाद होत नाहीत, पण दर दोन चेंडूंत एकच धाव काढतात. धडकराव प्रत्येक चेंडूवर बॅट फिरवतात : निम्म्या वेळा षटकार, निम्म्या वेळा बाद. असे फलंदाज कोठेही सापडणार नाहीत. पण पदार्थविज्ञानात आपण घर्षणच नसलेला पृष्ठभाग कल्पितो ना? तसेच हे.

सरासरी पाहू गेलो, तर अचलरावांची काढताच येत नाही, कारण शून्याने भागावे लागते! धडकरावांच्या प्रत्येक बाद होण्यामागे सरासरीने एक षटकार पडतो. म्हणजे सरासरी अवघी 6. मग त्यांना संघात कोण घेईल?

घाई नको. अकराही गडी धडकराव असलेला संघ घ्या. दहा गडी बाद होईपर्यंत सरासरीने दहा षटकार, म्हणजे 60 धावा होतील, त्याही सुमारे 20 चेंडूंत. अकरा अचलरावांना 60 धावांसाठी 120 चेंडू हवेत. म्हणजे 20 षटकांच्या सामन्यात दोन्ही संघ तुल्यबळ! सामना 5 षटकांचा असेल तर अचलसंघ 15 वर थांबेल; धडकसंघ 60 च्या जवळ पोचेल. 50 षटकांचा असेल तर अचलसंघाच्या 150 होतील. धडकसंघ मात्र 60 च्या आसपासच राहील.

खेळाडू तेच, मोल मात्र बदलले. कारण संघाच्या गाठीशी चेंडू आणि गडी अशा दोन पुंजी असतात. जी आधी संपणार, ती जपणारा मोलाचा. पावसाने अडलेल्या सामन्याचे लक्ष्य ठरवणारी डकवर्थ-लुईस पद्धत (1997 पासून वापरात) याच दोन पुंजींचा हिशेब मांडते.

मुंबईच्या सुनील गावसकरांचेच पाहा. 7 जून 1975 रोजी लॉर्ड्सवर इंग्लंडने 60 षटकांत 334 धावा केल्या. गावसकर 174 चेंडूंत नाबाद 36! भारत 3 बाद 132. सात गडी हाती राहिले आणि चेंडू संपले. पण 1979 मध्ये ओव्हलच्या कसोटीत 438 धावांचे लक्ष्य असताना त्यांनीच 221 केल्या. भारत 8 बाद 429 वर पोचला आणि सामना अनिर्णित राहिला. तेथे खेळपट्टीवर टिकणे लाखमोलाचे होते.

पुन्हा कशेळीला येऊ. शेवटची जोडी, 12 चेंडू, हव्यात 6 धावा. अचलसंघ नक्की जिंकेल. धडकसंघाची संभाव्यता 1/2. आता 6 ऐवजी 7 धावा हव्या असतील, तर अचलसंघाला जिंकणे अशक्य. धडकसंघाला लागोपाठ दोन षटकार हवेत, संभाव्यता 1/4. एका धावेने निवड उलटली!

आणि 13 हव्या असत्या तर? वहीत मांडून पाहा.