काटा, खटका आणि दोन अॅम्प्लिफायर

कॅसेटच्या जमान्यात ज्यांच्या घरी टेपडेक होता, त्यांच्या स्मरणातून काचेआड मंद पिवळ्या उजेडात डोलणारे ते दोन काटे सहसा गेलेले नसतात. पुढे काट्यांची जागा लुकलुकणाऱ्या दिव्यांनी घेतली, मग ध्वनिमुद्रणच संगणकात गेले आणि काटे दिवाणखान्यातून नाहीसे झाले. गेल्या काही वर्षांत ते परतले आहेत. वहीएवढ्या आकाराच्या, बहुधा चिनी बनावटीच्या पेटीत दोन मीटर, पुढे एक खटका आणि मागे लाल-काळ्या टोकांच्या रांगा, असे त्यांचे नवे रूप आहे. वडिलांच्या काळचा जडशीळ अॅम्प्लिफायर टाकवत नाही, हौसेने घेतलेला तळहाताएवढा नवा डिजिटल अॅम्प्लिफायरही वापरायचा आहे आणि स्पीकरची जोडी मात्र एकच, अशा घरांत ही पेटी हमखास येते. खटका डावीकडे केला की जुना, उजवीकडे केला की नवा, आणि दोन्ही वेळा काटे नाचतात.

योजना सोयीची आहे, यात शंका नाही. मात्र या पेटीतील काटा जे सांगतो ते बहुतेकांना चुकीचे कळते आणि खटका जे करतो त्यात एखादा चांगला अॅम्प्लिफायर क्षणात जळू शकतो. म्हणून पेटी घेण्यापूर्वी, किंवा घेतली असल्यास जोडण्यापूर्वी, तिच्या पोटात काय चालते ते जाणून घेणे इष्ट.

या मीटरला ‘व्हीयू मीटर’ म्हणतात. व्हीयू म्हणजे व्हॉल्यूम युनिट. १९३९ साली अमेरिकेत बेल टेलिफोन प्रयोगशाळा आणि सीबीएस व एनबीसी या दोन नभोवाणी कंपन्यांनी मिळून हा मीटर मुक्रर केला. त्या काळी रेडिओचे कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरून गावोगावच्या केंद्रांना पाठविले जात. एका टोकाच्या तंत्रज्ञाचा मीटर एक बोले, दुसऱ्या टोकाचा दुसरेच, आणि कार्यक्रमाची पातळी नेमकी किती यावर एकमत होईना. नव्या मीटरने सर्वांना एक भाषा दिली. सहाशे ओहमच्या तारेवर १.२२८ व्होल्ट म्हणजे शून्य व्हीयू, आणि संकेत अचानक आला तर काटा ०.३ सेकंदात आपल्या जागी पोचला पाहिजे, अशी ती व्याख्या होती. काट्याची ही मंद चाल हा दोष नव्हे, ती मुद्दाम ठरविलेली आहे. कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाच्या जवळपास जाणारी सरासरी दाखवावी आणि पाहणाऱ्याचे डोळेही दुखू नयेत, हा त्यामागचा विचार.

या मंदपणाचा अर्थ घरी एखादी मैफल लावली की ध्यानात येतो. तानपुरा अखंड झंकारत असतो, त्याच्यावर काटा जवळजवळ स्थिर राहतो. तबल्याचा कडक ‘ना’ मात्र कानाला टोचेल इतका तीक्ष्ण असूनही काटा त्याची फारशी दखल घेत नाही. त्या आघाताचा शिखरबिंदू काही सहस्रांश सेकंदांतच ओसरतो आणि काट्याला धावायला ०.३ सेकंद लागतात. त्यामुळे काटा दाखवतो त्यापेक्षा खरे शिखर १० डेसिबल, प्रसंगी त्याहूनही अधिक उंच असते. दहा डेसिबल म्हणजे दसपट शक्ती. काटा ५ वॉट सांगत असताना तबल्याच्या थापेसाठी अॅम्प्लिफायरला क्षणभर ५० वॉट द्यावे लागत असतात. ते देण्याची ताकद नसली की लहरीची शिखरे कापली जातात, आवाज चिरकतो, आणि हे फार वेळ चालले तर स्पीकरमधील उंच सुरांचा नाजूक ट्विटर आधी जातो. ‘काटा लाल पट्टीत गेलाच नव्हता, मग स्पीकर कसा गेला?’ या दुरुस्तीच्या दुकानात हमखास ऐकू येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा हेच असते.

टेपडेकमध्ये काट्याला खरे काम होते. पातळी फार चढली तर फीत तृप्त होऊन आवाज विद्रूप होई, फार उतरली तर फितीची सळसळ वर येई, आणि त्या दोहोंमधली वाट काटा दाखवी. स्पीकरकडे जाणाऱ्या संकेतावर बसविलेला काटा मात्र बराचसा शोभेचा असतो, हे मान्य करायला हवे. शोभेत काही गैर नाही. पण स्वस्तातल्या पेटीवर संवेदनक्षमतेची जी लहान कळ असते तिने तर शून्याचा अर्थच पार सैल होतो. कळ फिरवा, कुजबुजीलाही काटा शून्यावर येईल. पुन्हा फिरवा, घर हादरले तरी तो जागचा हलणार नाही.

त्या काट्याला अर्थ द्यायचा असल्यास उपाय अवघड नाही. मोबाइलवर ४०० हर्ट्झचा एकसुरी नाद वाजवून साध्या मल्टिमीटरने स्पीकरच्या टोकांवरचा एसी विद्युतदाब पाहावा आणि आवाजाची कळ अशी ठेवावी की तो २.८३ व्होल्ट येईल. आठ ओहमच्या स्पीकरला त्या दाबावर बरोबर १ वॉट मिळतो. आता पेटीची कळ फिरवून काटा उणे १० वर आणावा. येथून पुढे काट्याचे शून्य म्हणजे १० वॉट. अॅम्प्लिफायर ५० वॉटचा असेल तर संगीत ऐकताना काटा उणे ३ च्या, म्हणजे ५ वॉटच्या, अलीकडेच ठेवणे शहाणपणाचे. वरच्या दसपट शिखरांसाठी मग जागा उरते. असे मापून पाहिल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटते. दिवाणखाना भरून टाकणारा आवाज बहुधा एका वॉटच्या आतच तयार होत असतो.

काट्याला न कळणारी आणखी एक गोष्ट आहे. तो तारेतील वीज मोजतो, खोलीतील आवाज नव्हे. स्पीकर किती कार्यक्षम, खोली केवढी, ऐकणारा किती दूर, यांपैकी काहीच त्याला ठाऊक नसते. भारतातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तिचा या काट्यावरील डेसिबलशी काडीचा संबंध नाही, हे सोसायटीच्या बैठकीत सांगावे लागण्यापूर्वी समजलेले बरे. काही पेट्यांत तारांऐवजी लहानसा मायक्रोफोन असतो आणि काटा खोलीतील आवाजावर हलतो. पंख्याची घरघर आणि शेजारच्यांची हाकही तो त्यात मोजतो. तरी कशालाच जोडलेली नसल्यामुळे ही पद्धत सर्वांत निर्धोक ठरते.

धोका खरा आहे तो खटक्याच्या बाजूला. दोन अॅम्प्लिफायरची बाहेर पडणारी टोके एकमेकांना कधीही, क्षणभरही, भिडता कामा नयेत. तसे झाल्यास एकाची शक्ती स्पीकरमध्ये न जाता दुसऱ्याच्या अंगात शिरते. म्हणून चांगल्या खटक्यात जुना संबंध आधी पूर्ण तुटतो आणि मगच नवा जुळतो. शिवाय त्याने लाल आणि काळी अशा दोन्ही तारा बदलायला हव्यात. खर्च वाचविण्यासाठी काही पेट्यांत फक्त लाल तार बदलली जाते आणि काळ्या साऱ्या आतून एकत्र बांधलेल्या असतात. जुन्या पद्धतीचे दोन अॅम्प्लिफायर असतील तर हे बहुधा खपून जाते, कारण त्यांचे काळे टोक म्हणजे यंत्राची जमीनच असते.

तळहाताएवढ्या नव्या डिजिटल अॅम्प्लिफायरचे तसे नाही. त्यांतील बहुतेकांची रचना ‘ब्रिज’ पद्धतीची असते. स्पीकरची दोन्ही टोके दोन स्वतंत्र अर्धमंडले ढकलत-ओढत असतात आणि काळे टोकही जिवंत असते. चोवीस व्होल्टच्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या अशा यंत्राची दोन्ही टोके जमिनीपासून साधारण १२ व्होल्टवर तरंगतात. आता समजा, जुना आणि नवा अॅम्प्लिफायर एकाच सीडी प्लेअरला जोडला आहे. त्या तारांच्या जाळीदार आवरणातून दोघांची जमीन एक झालेली असते. पेटीने दोघांची काळी टोके एकत्र बांधली, की नव्या अॅम्प्लिफायरचे जिवंत काळे टोक जुन्याच्या मार्गे थेट जमिनीला भिडते. शॉर्ट सर्किट ते हेच. यंत्रात संरक्षण असले तर ते मुकाट बंद पडते, नसले तर धूर निघतो. मीटरच्या बाबतीतही हाच सापळा आहे. डाव्या आणि उजव्या काट्याची काळी टोके पेटीत आतून जोडलेली असतील तर ब्रिज पद्धतीच्या अॅम्प्लिफायरचे दोन्ही बाजूंचे जिवंत भाग केवळ काटा हलावा म्हणून एकमेकांना बांधले जातात.

याची परीक्षा दोन मिनिटांची आहे. पेटीला काहीही न जोडता मल्टिमीटर ‘बीप’च्या खुणेवर ठेवावा. पहिल्या अॅम्प्लिफायरच्या काळ्या टोकापासून दुसऱ्याच्या काळ्या टोकापर्यंत बीप वाजता कामा नये. डाव्या काळ्यापासून उजव्या काळ्यापर्यंतही नाही. खटका दोन्ही बाजूंना फिरवून हे पाहावे. वाजला, तर ती पेटी ब्रिज पद्धतीच्या अॅम्प्लिफायरसाठी नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर वापरणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यायची असते. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला स्पीकर नसला तरी चालते, व्हॉल्व्हच्या यंत्राला चालत नाही. त्याच्या पोटातील ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना संकेत चालू राहिला तर तेथे विद्युतदाब बेसुमार चढतो आणि आतल्या गुंडाळीचे आवरण फुटू शकते. खटका दुसऱ्या अॅम्प्लिफायरकडे वळविला की व्हॉल्व्हचे यंत्र नेमके याच अवस्थेत उरते. खटक्याला हात लावण्यापूर्वी ते बंद करावे, किंवा त्याच्यासाठी पुरेशा वॉटचा ८ ओहमचा रोधक खटक्यातून जोडून घ्यावा. आवाज शून्यावर आणणे हा दुय्यम उपाय आहे, कारण घरातले दुसरे कोणी येऊन कळ फिरवणार नाही याची हमी कोण देणार?

हीच पेटी उलट बाजूने, म्हणजे एक अॅम्प्लिफायर आणि स्पीकरच्या दोन जोड्या अशीही वापरता येते. तेथे हिशेब सोपा आहे. आठ ओहमच्या दोन जोड्या एकाच वेळी समांतर वाजविल्या तर अॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार ओहमच्या दोन असतील तर २. घरगुती अॅम्प्लिफायर सहसा ४ ओहमच्या खाली चालविण्यासाठी केलेले नसतात. यंत्राच्या पाठीवर छापलेला आकडा वाचावा, इतके पुरे.

दोन अॅम्प्लिफायरची तुलना हे या पेटीचे खरे आकर्षण, आणि तेथेच कान सर्वांत सहज फसतात. जो थोडा मोठ्याने वाजतो तो सरस वाटतो. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले, की पातळी उतरली की खर्जाचे सूर कानाला मधल्या सुरांपेक्षा अधिक वेगाने मंदावतात. त्यामुळे किंचित मोठा वाजणारा अॅम्प्लिफायर ‘भरदार’ भासतो, त्यात अॅम्प्लिफायरचे कर्तृत्व काही नसते. खटका फिरविण्यापूर्वी दोघांची पातळी मल्टिमीटरवर जुळवायला हवी, आणि तीही ०.१ डेसिबलच्या, म्हणजे साधारण एका टक्क्याच्या आत. एकाने २.८३ व्होल्ट दिले तर दुसऱ्याचे २.८० ते २.८६ च्या दरम्यान असावेत. काट्यावर पाहून हे साधत नाही, एवढा बारीक फरक त्याच्या जाडीतच बुडून जातो. पातळी जुळविल्यावर घरातील दुसऱ्या कोणाला खटका फिरवायला सांगून, कोणता चालू आहे हे न पाहता ऐकावे. पुष्कळदा वीस हजारांचा आणि दोन लाखांचा अॅम्प्लिफायर ओळखणे कठीण जाते. ज्यांनी दोन लाख मोजले आहेत त्यांनी हा प्रयोग टाळला तर त्यांना दोष देता येणार नाही.

पेटी घातल्याने आवाज बिघडतो का, हा प्रश्न रसिक नेहमी विचारतात. चांगल्या खटक्याचा रोध स्पीकरच्या ८ ओहमपुढे नगण्य असतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पाच मीटर अंतरावर नेली तर जाण्या-येण्याचा तिचा रोध ०.१२ ओहमच्या आसपास भरतो, खटका त्याच्याही कितीतरी खाली राहतो. मात्र हे नव्या खटक्याचे झाले. मुंबई-कोकणच्या दमट, खारट हवेत महिनोन्महिने एकाच बाजूला राहिलेल्या खटक्याची टोके काळवंडतात आणि एके दिवशी डावा स्पीकर कुरकुरू लागतो. स्पीकर उघडण्याआधी, अॅम्प्लिफायर बंद ठेवून खटका वीसेक वेळा इकडून तिकडे फिरवावा. त्यातून भागले नाही तर टोके साफ करण्याच्या फवाऱ्याचे दोन थेंब सोडावेत आणि ते पुरते वाळल्यावरच वीज लावावी.