टायटॅनियमची प्लेट का तुटते?

लातूर-बार्शी रस्त्यावर मोटारसायकल घसरते, मांडीचं हाड मोडतं, लातूरला ऑपरेशन होतं. पेशंट मुरुडला घरी आला की भेटायला येणारे विचारतात, "टायटॅनियमची टाकली ना? मग काळजीच नाही." आणि काही महिन्यांनी एक्स-रेमध्ये तीच प्लेट दुभंगलेली दिसली की सगळे म्हणतात, माल डुप्लिकेट निघाला. क्वचित तसं असेलही. बहुतेक वेळा कारण दुसरंच असतं.

इम्प्लांटसाठी सर्रास वापरतात त्या मिश्रधातूत टायटॅनियमबरोबर सुमारे ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं. एकदाच ओढून तोडायचा म्हटला तर जवळपास ९०० मेगापास्कल ताण लागतो. पण शरीरातली प्लेट अशी एका दणक्यात सहसा जात नाही. तार पुढे-मागे वाकवत राहिलं की ती तुटते, तशी ती थकून तुटते. गुळगुळीत नमुना १ कोटी वेळा जेवढा ताण सोसतो, तो ५०० ते ६०० मेगापास्कलच्या आसपास भरतो. खाच किंवा ओरखडा असला की हा आकडा बराच खाली येतो. टायटॅनियम खाचेच्या बाबतीत फार हळवं आहे, आणि स्क्रूसाठी प्लेटला भोकं तर असतातच. म्हणून हाडाच्या आकाराला बसवताना प्लेट उलटसुलट वाकवू नये, असं सर्जनना शिकवलं जातं.

आता पावलांचा हिशेब बघा. दिवसाला ५,००० पावलं म्हणजे एका पायावर २,५००, वर्षाला ९ लाखांवर. हाड जुळलं असेल तर हा भार हाड उचलतं. जुळलं नसेल तर प्रत्येक पाऊल प्लेटला थोडं वाकवतं आणि सूक्ष्म चीर पुढे सरकते. प्लेट हाडाची जागा घ्यायला नसते, हाड जुळेपर्यंत ते धरून ठेवायला असते. डॉक्टरांनी "पाय टेकवू नका" म्हटलेलं असताना, दुखत नाही म्हणून सोयाबीनच्या राशीवर जाऊन उभं राहणं या हिशेबात फार महाग पडतं. विडी-सिगारेटही तितकीच नडते, कारण तिच्यामुळे हाड उशिरा जुळतं.

"स्टीलची टाकली म्हणजे फसवलं" हाही गैरसमजच. चांगल्या स्टीलच्या प्लेटवर असंख्य हाडं नीट जुळली आहेत. टायटॅनियम हलकं असतं, स्टीलच्या निम्म्याइतकंच ताठ असतं आणि एमआरआयला कमी अडचण करतं, हे त्याचे खरे फायदे. मात्र घासणीला ते कच्चं आहे. म्हणून कृत्रिम गुडघ्यातला मांडीकडचा, घासला जाणारा भाग बहुधा कोबाल्ट-क्रोमियमचा असतो. २०१७ साली केंद्राने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींना मर्यादा घातली, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमसाठी जीएसटी सोडून ५४,७२० रुपये आणि टायटॅनियमसारख्या खास धातूंसाठी ७६,६०० रुपये ठरले. जास्त किमतीचा म्हणजे जास्त टिकणारा, असा अर्थ त्यातून काढू नये.

प्लेट तुटलीच, तर नुसती नवी, जाड प्लेट मागून भागत नाही. हाड का जुळलं नाही, हे आधी शोधावं लागतं: आत जंतुसंसर्ग आहे का, साखर वाढलेली आहे का, फटीत कमरेचं हाड भरावं लागेल का. डॉक्टरांना हेच विचारा, आणि पहिल्या ऑपरेशनपासूनचे सगळे एक्स-रे सोबत न्या.