ब्राउझरमधली श्रवणचाचणी: आकडे येतात, पण कोणाच्या कानांचे?

समजा, एखाद्या संस्थेला जुन्या मैफिलींची ध्वनिमुद्रणं ऑनलाइन ठेवायची आहेत. मूळ फाइली अवजड, म्हणून त्या एमपी३ करून ठेवायच्या. ६४ केबीपीएस पुरेल, की १२८ लागेल? कमी आकडा धरला की खर्च वाचतो. पण त्यात तानपुऱ्याची जवारी गेली, तर ज्याने मूळ ऐकलंच नाही त्याला ती तशीच होती असं वाटणार. हे नुसतं यंत्राने मोजून ठरत नाही, कारण कानाला कळणार नाही तेवढंच टाकून द्यायचं, याच हिशेबाने एमपी३ बनवलेलं आहे. तेव्हा माणसांनाच विचारावं लागतं.

विचारायचं कसं? दोन लिंक पाठवून ‘कोणता चांगला वाटतो?’ असं विचारलं तर उत्तरं भरपूर येतील, पण त्यांचं करायचं काय? ‘१२८’ असं नाव दिसलं की कानाआधी डोळे मत देतात.

म्हणून म्युश्रा नावाची पद्धत वापरतात. आयटीयूच्या बीएस.१५३४ या शिफारशीत ती आहे, आणि ती ब्राउझरमध्ये चालवायला एर्लांगेनच्या संशोधकांनी केलेलं वेबम्युश्रा हे साधन मोफत मिळतं. दहाएक सेकंदांचा तुकडा घ्यायचा. मूळ आवाज उघडपणे द्यायचा आणि शेजारी त्याची निरनिराळी रूपं, नावं न सांगता, क्रम बदलून. प्रत्येकाला ० ते १०० गुण. त्या रूपांत दोन गोष्टी दडवलेल्या असतात. एक म्हणजे तोच मूळ आवाज पुन्हा. दुसरा म्हणजे मुद्दाम बिघडवलेला ‘अँकर’, ज्यात ३.५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलेलं, म्हणजे जवळपास जुन्या लँडलाइनसारखा आवाज.

आमच्या मते सगळी मदार या दडवलेल्या मूळ आवाजावर आहे. उघड्या मूळ आवाजाशी तंतोतंत सारख्या आवाजाला जो ६० गुण देतो, त्याचं लक्ष नाही, किंवा त्याच्यापर्यंत फरक पोचतच नाहीये. शिफारशीतला नियमही असाच आहे: १५ टक्क्यांहून जास्त तुकड्यांत दडवलेल्या मूळ आवाजाला ९० पेक्षा कमी गुण दिले, तर त्या माणसाचे गुण बाद. हा नियम निकाल पाहण्याआधी ठरवायचा, हे आलंच.

प्रयोगशाळेत खोली शांत असते, हेडफोन आपला असतो. ब्राउझरच्या पलीकडे पंखा फिरतोय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, हे आपल्याला दिसत नाही. ब्लूटूथ तर आणखी फसवं: तिथे आवाज हवेतून जाण्याआधी पुन्हा एकदा कॉम्प्रेस होतो. मग आपण आपला एमपी३ तपासतोय की त्या हेडफोनचा कोडेक? वायरचा हेडफोन मागावा, हे उत्तम. पण माणूस ‘हो’ म्हणून फोनच्या स्पीकरवर ऐकू शकतो. त्यावर २०१७ मध्ये वुड्स आणि सहकाऱ्यांनी सुचवलेली युक्ती सुरेख आहे. २०० हर्ट्झचे तीन सूर वाजवायचे आणि सर्वांत हळू कोणता ते विचारायचं. एक खरोखरच हळू असतो. दुसऱ्यात डाव्या-उजव्या कानांतल्या लहरी एकमेकींच्या उलट केलेल्या असतात. हेडफोनवर खरा हळू सूर ओळखता येतो. स्पीकरवर मात्र उलट्या लहरी एकमेकींना खोडतात, तोच सूर दबका वाटतो आणि उत्तर चुकतं.

आपल्या बाजूनेही गळती असते. एमपी३ करताना फाइलीच्या सुरुवातीला थोडी शांतता वाढते. ती कापून सगळी रूपं नेमकी जुळवली नाहीत, तर बटण बदलताना आवाज उडी मारतो आणि मूळ कोणता ते फुटतं. पातळीही सारखी हवी, कारण जरासा मोठा आवाज ‘चांगला’ वाटतोच. आणि ऐकणाऱ्याला एमपी३ पाठवायचा नाही. तो आधी उलगडून वेव्ह करून द्यायचा, म्हणजे प्रत्येकाच्या ब्राउझरच्या डिकोडरवर भिस्त राहत नाही.

फरक अगदी बारीक असेल तर म्युश्रा सोडून एबीएक्स घ्यावी: एक्स हा ए आहे की बी, एवढंच ओळखायचं. १६ पैकी १२ किंवा जास्त उत्तरं निव्वळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के. मात्र ओळखता आलं नाही याचा अर्थ फरक नाही, असा होत नाही. फोनच्या स्पीकरवर पन्नास जणांना ६४ आणि १२८ सारखेच वाटले, म्हणून संस्थेने ६४ वर मैफिली उतरवल्या, तर तो निकाल त्या स्पीकरचा आहे.

राहता राहिली तुकड्याची निवड. संथ आलापाचा गोड तुकडा सगळेच घेतात, आणि तो बहुतेक रूपांत बरा वाजतो. कोडेकची परीक्षा घेणारे तुकडे वेगळे. परदेशी चाचण्यांत कॅस्टनेट्स असतात, कारण तीक्ष्ण आघाताच्या आधीच एक फिकट फरकाटा ऐकू येतो. आपल्याकडे तबल्याच्या किनारीवरचा ‘ना’ घ्या. आणि मैफिलीच्या शेवटच्या टाळ्या अजिबात कापू नका. शेकडो बारीक आघात एकाच वेळी. कमी केबीपीएसवर त्यांचं पाणी पाणी होतं.