नाक्सोसच्या चीजचं ताट

ग्रीसच्या बेटावर चीजचं ताट मांडायचं म्हटलं की बहुतेकांचा हात आधी फेटाकडे जातो. नाक्सोसवर तो आवरायला हवा. युरोपीय संघाच्या २००२ सालच्या नियमाप्रमाणे ‘फेटा’ हे नाव ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या ठरावीक प्रांतांतल्या आणि लेस्वोस बेटावरच्या चीजलाच लावता येतं. नाक्सोस ज्या सिक्लाडीझ द्वीपसमूहात येतं, तो या यादीत नाही. म्हणजे इथल्या दुकानात दिसणारा फेटा तुमच्यासारखाच बोटीतून आलेला पाहुणा असतो. आणि बेटाचं स्वतःचं चीज इतकं चांगलं असताना पाहुण्याला मुख्य पाटावर बसवण्यात अर्थ नाही.

नाक्सोस हे सिक्लाडीझमधलं सर्वांत मोठं बेट, सुमारे ४३० चौरस किलोमीटरचं. सँटोरिनीहून बोटीने दीड-दोन तासांत पोचता येतं, तरी आपल्याकडचे बरेच प्रवासी सँटोरिनी बघून थेट अथेन्सला परततात. नाक्सोसच्या मधोमध झास पर्वत उभा आहे, उंची सुमारे हजार मीटर. तो ढग अडवतो, त्यामुळे बेटाला पाणी आहे, झरे आहेत, खोऱ्यांत माती आहे. शेजारच्या कोरड्या, खडकाळ बेटांवर शेळ्या-मेंढ्याच तग धरतात. नाक्सोसवर त्या आहेतच, शिवाय गाईही आहेत. ताट कसं मांडायचं, हे या एका फरकावरून ठरतं.

कारण दुधालाही ऋतू असतो. इथल्या शेळ्या-मेंढ्या साधारण हिवाळ्यात वितात. पाऊस पडून डोंगर हिरवे झालेले असतात, त्यामुळे हिवाळा आणि वसंत हा त्यांच्या दुधाचा भर. जून उलटला की गवत वाळतं, दूध कमी होत जातं आणि ऐन उन्हाळ्यात जवळपास आटतं. गाईंचं दूध मात्र वर्षभर चालू राहतं. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये कुणी ‘आजचंच ताजं शेळीच्या दुधाचं’ म्हणत काही पुढे केलं, तर जरा चौकशी करावी. उन्हाळ्यात घ्यायचं ते गाईच्या दुधाचं चीज आणि शेळी-मेंढीच्या दुधाचं वसंतात केलेलं, आता मुरलेलं चीज. ताजेपणा फळांकडून घ्यायचा. उन्हाळ्यातल्या नाक्सोसच्या ताटाचं माझ्या मते एवढंच तंत्र आहे: चीज मागच्या ऋतूचं, फळ आजच्या सकाळचं.

ताटाचा कणा म्हणजे ग्राविएरा. स्विस ग्रुयेरच्या वळणाचं हे कठीण चीज ग्रीसमध्ये इतरत्रही होतं. क्रीटचं ग्राविएरा प्रामुख्याने मेंढीच्या दुधाचं असतं, नाक्सोसचं मुख्यतः गाईच्या. शेळी-मेंढीचं दूध त्यात थोड्याच प्रमाणात चालतं. दूध कोमट करून, विरजण आणि दूध गोठवणारं रेनेट घालून त्याचा दही-गोळा होऊ देतात. तो बारीक दाण्यांएवढा कापतात आणि ढवळत ढवळत पुन्हा तापवतात. या दुसऱ्या तापवण्याने दाण्यातलं पाणी सुटतं आणि चीज टिकाऊ होतं. मग साच्यात भरून दाबायचं, मिठाच्या पाण्यात ठेवायचं आणि फळ्यांवर महिनोन्‌महिने उलथंपालथं करत मुरवायचं. तयार चाक फिकट पिवळं असतं, त्यात बारीक छिद्रं असतात, चव गोडसर आणि शेवटी सुक्या मेव्याची आठवण करून देणारी. १९९६ पासून ‘ग्राविएरा नाक्सू’ या नावाला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. वेष्टनावर लाल-पिवळा गोल शिक्का बघावा. ग्रीक अक्षरं वाचता येत नसली तरी दोन कमानी आणि त्यांच्यामध्ये एक गोल अशी तीन अक्षरं ओळखायला सोपी आहेत. तीच संरक्षणाची खूण.

दुसरं चीज आर्सेनिको, शेळी-मेंढीच्या दुधाचं. हे डोंगरातलं, धनगरांचं. नाक्सोसच्या डोंगरात ‘मितातो’ म्हणतात अशा दगड रचून केलेल्या झोपड्या आहेत, तिथे उन्हापासून दूर हे चीज करायचं आणि राखायचं अशी जुनी रीत. टोपलीत घालून आकार दिलेला असला की सालीवर विणीचे वळ उमटतात. ग्राविएरा मवाळ, तर आर्सेनिको तिखट बाण्याचं, खारट. जुनं होईल तसं कोरडं आणि झणझणीत होत जातं. चाखल्याशिवाय घेऊ नये, कारण दोन धनगरांचं आर्सेनिको कधीच सारखं नसतं. ‘ना दोकिमासो?’ म्हणजे ‘चव बघू का?’ एवढे दोन शब्द पाठ करून जा. दुकानदार सुरीच्या टोकावर कपचा देतो आणि पुढचं संभाषण सोपं होतं.

तिसरं मऊ हवं. क्सिनोमिझिथ्रा हे पांढरं, आंबट, किंचित रवाळ चीज थेट आपल्या चक्क्यासारखं लागतं, फक्त मीठ घातलेल्या. ते पावावर फासता येतं आणि बाकीच्या दोघांच्या कडकपणाला उतारा मिळतो. चार माणसांना तीन चीज पुरे. जेवणाऐवजी ताट असेल तर माणशी शंभर ग्रॅमपर्यंत, जेवणाआधी चघळायला असेल तर साठ-सत्तर ग्रॅम.

खरेदीचा दिवस कसा लावायचा? बंदराला लागून असलेलं मुख्य गाव होरा. तिथल्या जुन्या बाजारात चीज, मध, वाळलेल्या औषधी वनस्पती आणि टोपल्या एकाच छताखाली विकणारी दुकानं आहेत. ग्राविएरा तिथेच घ्यावं. सकाळी लवकर जावं, दुपारी बरीच दुकानं विश्रांतीसाठी बंद होतात आणि संध्याकाळी पुन्हा उघडतात. मग डोंगराकडे जाणारी बस पकडावी. हाल्की, फिलोती, अपिरांथोस ही गावं एकाच वाटेवर लागतात. हाल्की त्रागेआ नावाच्या ऑलिव्हच्या दाट खोऱ्यात आहे, तर अपिरांथोस उंचावरचं, संगमरवरी फरसबंद गल्ल्यांचं, आणि आर्सेनिकोसाठी ते गाठणं सार्थकी लागतं. मांसाहार करणाऱ्यांनी तिथे नाक्सोसच्या ‘झाम्बोनी’चीही, म्हणजे मुरवलेल्या डुकराच्या मांसाची, चौकशी करावी. चीज घेऊन उन्हात हिंडायचं नसेल तर बसने आधी शेवटचं गाव गाठावं आणि परतताना खरेदी करत यावं. मऊ चीज सगळ्यांत शेवटी, मुक्कामाजवळच्या दुकानातून.

आता फळं. ऑगस्टमध्ये गेलात तर अंजीर. पुरंदरचे अंजीर हाताळलेल्या माणसाला वेगळं शिकवायची गरज नाही: देठाशी मान टाकलेला, सालीवर उभ्या बारीक भेगा पडलेला आणि तळाच्या डोळ्याशी रसाचा थेंब आलेला अंजीर घ्यावा. घट्ट, गुळगुळीत, देखणा अंजीर बेचव निघतो, तो झाडावरून तोडल्यावर फारसा पिकत नाही. असा पिकलेला अंजीर मधोमध फाडून त्यावर आर्सेनिकोचा कपचा ठेवला की चीजची तिखट धार आणि गराचा गोडवा जिभेवर एकमेकांना आवरतात. अंजिराचा पहिला बहर जूनमध्ये येतो, पण तो थोडाच. जूनमध्ये त्याच्या जोडीला जर्दाळू घ्यावेत. ऑगस्ट सरताना द्राक्षं येतात. कलिंगड तर उन्हाळाभर आहेच, ते क्सिनोमिझिथ्राबरोबर खावं.

ऑलिव्ह घेताना एक लक्षात ठेवायचं. ऑलिव्हची तोडणी हिवाळ्याच्या तोंडाशी होते, म्हणजे उन्हाळ्यात मिळतात ते मागच्या हंगामाचे, मुरलेले. त्यात कमीपणा काही नाही. मिठात सुकवलेले सुरकुतलेले काळे ऑलिव्ह तर कडक चीजशेजारी फार शोभतात. भिंतींच्या भेगांतून उगवणारं केपरचं झुडूप बेटावर जागोजागी दिसेल. त्याच्या न उमललेल्या कळ्या सकाळी खुडून मिठात मुरवतात. ताजी कळी कडू असते, तोंडात टाकू नये. आणि भिंत कुणाची तरी असते, तेव्हा विचारल्याशिवाय खुडूही नये. बरणीतले केपर विकत घेणं सोपं आणि स्वस्त. समुद्रकाठच्या खडकांवरची ‘क्रितामो’ ही मांसल पानांची भाजीही लोणच्याच्या रूपात मिळते. ताटात एवढं एकच आंबट-खारट पुरतं.

मध घ्यायचा तो थाइमचा. थाइम ही ओव्याच्या नात्यातल्या वासाची रानझुडपी, ती इथल्या कोरड्या उतारांवर जूनच्या सुमाराला जांभळी फुलते आणि मध त्यानंतर काढतात. म्हणून जूनमध्ये मिळणारा थाइमचा मध बहुधा गेल्या वर्षीचा असतो, तर ऑगस्टमध्ये नवा मिळू शकतो. ग्राविएराच्या कापावर त्याचे दोन-चार थेंब पुरेत. जास्त ओतलात तर फक्त मधच लागेल.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती ताटातली पुढची गोष्ट: महाळुंग. नाक्सोसवर या फळाला ‘कित्रो’ म्हणतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे मातुलिंग आहे, तेच हे फळ. जाड सालीचं, ओबडधोबड, रस जेमतेम आणि सुगंध अफाट. त्याचं मूळ हिमालयाच्या पायथ्याच्या ईशान्येकडच्या भागात मानतात. तिथून ते इराणमार्गे पश्चिमेला गेलं. ग्रीक वनस्पतिशास्त्रज्ञ थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपास त्याचं वर्णन करताना ते मीडियाचं म्हणजे इराणकडचं फळ असल्याचं लिहून ठेवलं आहे. नाक्सोसच्या आडोशाच्या, पाणथळ खोऱ्यांत ते रुजलं. तिथे त्याच्या पानांपासून ‘कित्रोन’ हे मद्य गाळतात. हाल्कीत वालिंद्रास कुटुंबाची १८९६ पासूनची भट्टी आजही बघता येते. पानं, अल्कोहोल आणि पाणी तांब्याच्या हंड्यात तापवून वाफ थंड करायची, मग साखर घालायची. हिरवं कित्रोन सगळ्यांत गोड आणि सौम्य, पिवळं सगळ्यांत कडक आणि कमी गोड, बिनरंगी मधलं. चीजबरोबर घ्यायचंच असेल तर पिवळं घ्यावं, तेही थंड आणि बोटभर.

मद्य न घेणाऱ्यांचं काही बिघडत नाही, उलट ताटासाठी खरी उपयोगाची वस्तू वेगळीच आहे. महाळुंगाच्या जाड सालीचा पाकातला मुरांबा इथे बरणीत मिळतो. पाहुण्याला छोट्या बशीत चमच्यासह द्यायची ग्रीक रीत. साल अर्धपारदर्शक झालेली असते, दाताखाली किंचित कुरकुरते आणि मागे कडसर वास ठेवते. त्याची पातळ चीर ग्राविएरावर ठेवून खाऊन बघा. आपल्याकडे महाळुंगाचं लोणचं घालणारी घरं अजून आहेत, त्यांना ही चव परकी वाटणार नाही.

पाव म्हणून बार्लीचे ‘पाक्सिमादी’ घ्यावेत. दोनदा भाजलेले, दगडासारखे टोस्ट. तसेच चावू नयेत. नळाखाली क्षणभर धरावेत, ताटलीत दोन मिनिटं ठेवावेत, मग किसलेला टोमॅटो, ऑलिव्ह तेल आणि वर क्सिनोमिझिथ्रा. टोमॅटो दुकानातल्या फ्रिजमधला नको, बाहेर टोपलीत ठेवलेला घ्यावा.

शाकाहारी वाचकांसाठी थोडं सविस्तर. पारंपरिक पद्धतीत दूध गोठवायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. चीज करताना निथळलेलं पाणी पुन्हा तापवून केलेली मिझिथ्राही त्यामुळे आपोआप शाकाहारी होत नाही, कारण ते पाणी त्याच रेनेटच्या दुधाचं असतं. काही उत्पादक सूक्ष्मजीवांपासून किंवा वनस्पतींपासून मिळवलेलं रेनेट वापरतात. ‘फितिकी पितिया?’ असं विचारावं, म्हणजे ‘वनस्पतीजन्य रेनेट आहे का?’ दुकानदाराला खात्री नसेल तर वेष्टनावर बघून सांगायला सांगावं. त्याने मान वर उचलून जिभेने ‘च्च’ केलं, तर ते ग्रीकांचं ‘नाही’ असतं.

मांडताना घाई करू नये. कठीण चीज खाण्याआधी पाऊण तास फ्रिजबाहेर काढावं, थंडगार चीज मुकं असतं. मऊ चीज मात्र दहा मिनिटं आधी काढलं तरी चालतं, उन्हाळ्यात ते लवकर ढिलं पडतं. ग्राविएराच्या तुकड्याचे लांब, पातळ त्रिकोण कापावेत, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सालीजवळचा मुरलेला आणि गाभ्याचा मऊ असे दोन्ही भाग येतात. साल खायची नाही. आर्सेनिको कापू नये, सुरीचं टोक खुपसून त्याच्या ओबडधोबड ढलप्या काढाव्यात. ताटात मवाळाकडून तिखटाकडे असा क्रम ठेवला तर जीभ शेवटपर्यंत जागी राहते. गच्चीवर किंवा किनाऱ्यावर बसणार असाल तर उन्हाळ्यातलं मेल्तेमी वारं लक्षात घ्या. उत्तरेकडून येणारा हा कोरडा वारा कापलेलं चीज पंधरा मिनिटांत वाळवतो. लागेल तेवढंच कापायचं, बाकीच्यावर किंचित ओलसर फडकं टाकायचं.

उरलेलं चीज प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नये, ते घामेजतं. कागदात गुंडाळून डब्यात ठेवावं. आणि ग्राविएराचा जो बोटभर जाड तुकडा उरेल, त्याची दुसऱ्या दिवशी सागानाकी करावी: तुकडा पाण्यात बुडवायचा, पिठात घोळवायचा, तव्यावर ऑलिव्ह तेलात दोन्ही बाजूंनी तांबूस परतायचा, आणि लिंबू पिळून गरम गरम खायचा.