जहाजावरील बालक आणि जन्माचा दाखला

मनुष्य जन्माला आला आहे, ही गोष्ट तो डोळ्यांसमोर उभा असता कोणी सिद्ध करावयास सांगत नाही. परंतु तो कोठे जन्मला, केव्हा जन्मला आणि कोणाच्या पोटी जन्मला, हे सिद्ध करण्याची वेळ आली म्हणजे कागदावाचून भागत नाही. मोठा माणूस स्वतःविषयी चार शब्द सांगू तरी शकतो. तान्ह्या मुलाला तेही साधत नाही. त्याच्या वतीने बोलतो तो त्याचा जन्मदाखला. मात्र जन्माचा उल्लेख असलेला प्रत्येक कागद म्हणजे दाखला नव्हे, आणि हा भेद अमेरिकेतील बंदरांवर सागरी सफरीसाठी जमणाऱ्या कुटुंबांना फार लवकर कळून येतो.

मायामी, गॅल्व्हेस्टन यांसारख्या बंदरांतून पर्यटकांची प्रचंड जहाजे बहामा बेटांकडे किंवा मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे निघतात आणि काही दिवसांनी पुन्हा त्याच बंदरात येऊन लागतात. या सफरींना तेथे क्रूझ म्हणतात. एके काळी शेजारच्या देशांतून परतणाऱ्या अमेरिकन नागरिकाचे तोंडी सांगणेही सीमेवर पुष्कळदा चालून जाई. २००४ साली झालेल्या कायद्याने ही सवलत संपविण्याचे ठरले, आणि १ जून २००९ पासून भूमार्गाने व समुद्रमार्गाने येणाऱ्यांनाही पारपत्र किंवा तत्सम अधिकृत कागद आवश्यक झाला. तथापि, निघाले त्याच अमेरिकन बंदरात परतणाऱ्या जहाजावरील अमेरिकन नागरिकांसाठी एक अपवाद राखण्यात आला. प्रौढ नागरिकाने जन्मदाखला व सरकारी छायाचित्र-ओळखपत्र दाखवावे. सोळा वर्षांखालील मुलाने नुसता जन्मदाखला दाखविला तरी पुरे, त्याची प्रतही चालते. परदेशात जन्मलेल्या नागरिकाच्या बाबतीत वकिलातीने दिलेले जन्माचे प्रतिवृत्त, किंवा मागाहून नागरिकत्व मिळाले असल्यास त्याचे प्रमाणपत्र, हेही ग्राह्य धरले जाते.

मग दाखला कोणाचा चालतो? राज्याच्या, परगण्याच्या किंवा शहराच्या जन्मनोंदणी कार्यालयाने दिलेला. अमेरिकेतील अनेक इस्पितळे बाळ-बाळंतिणीला घरी पाठविताना एक सुरेख कागद देतात. त्यावर बाळाच्या इवल्या पावलांचे ठसे असतात, जन्माची वेळ असते, वजनही असते. आईबापांना तो प्राणाहून प्रिय वाटतो. परंतु बंदरावर तो सर्वसाधारणपणे मानला जात नाही. ज्यांच्या हातांवर मूल जन्मले त्यांचा कागद नाकारावा आणि ज्याने ते मूल कधी पाहिलेही नाही अशा कारकुनाचा मानावा, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. वस्तुतः त्यामागे विचार आहे. इस्पितळाचा कागद ही एक आठवण आहे. निबंधकाचा दाखला हा एका कायम नोंदवहीचा उतारा आहे. शंका आली तर ती वही उघडून उतारा ताडून पाहता येतो. दाखल्याचे बळ कागदात नाही, त्याच्यामागे उभ्या असलेल्या नोंदीत आहे. नवजात बालकाचा दाखला कार्यालयातून यावयाचा असेल, तर सीमेवरील अधिकारी इस्पितळाचा कागद तेवढ्यापुरता मान्य करतात. पण ही सवलत आहे, नियम नव्हे.

ही नोंदवही अमेरिकेतही सहजासहजी उभी राहिली नाही. १९१२ साली तेथे बालकल्याणासाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय स्थापन झाले, तेव्हा देशात दरवर्षी मुले किती जन्मतात याचाच नीट पत्ता नव्हता. कारखान्यात राबणारा मुलगा दहा वर्षांचा की चौदा, हे ठरविण्यास नोंद नसेल तर बालमजुरीचा कायदा करून काय उपयोग? १९१५ साली अवघ्या दहा राज्यांसह राष्ट्रीय जन्मनोंदणी-क्षेत्र आखले गेले. सर्व राज्ये त्यात यावयास १९३३ साल उजाडले. पुढे दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांत काम मागणाऱ्यांना नागरिकत्वाचा पुरावा द्यावा लागला, तेव्हा त्याच देशात जन्मलेल्या असंख्य लोकांपाशी जन्माचा एकही कागद निघाला नाही.

नोंद असूनही दाखला निरुपयोगी ठरल्याचे उदाहरण पोर्तो रिकोचे आहे. तेथील लोक अमेरिकन नागरिक आहेत. शाळा व इतर संस्था तेथे मुलांचे मूळ दाखले ठेवून घेत. ते चोरीस जाऊन परक्यांच्या हाती पडू लागले. शेवटी १ जुलै २०१० पूर्वी दिलेले सर्व दाखले कायद्याने रद्द ठरवून नवे द्यावे लागले.

जन्मदाखल्याची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. सरकारला जो कागद पुरतो तो जहाज कंपनीला पुरेलच असे नाही, आणि वाटेतील एखादे बेट पारपत्राचाच आग्रह धरू शकते. मूल परक्या बंदरात आजारी पडून विमानाने परतावे लागले, तर जन्मदाखला पुरत नाही. विमानप्रवासाला बालकासही पारपत्र लागते. आईबापांपैकी एकच सोबत असेल, तर दुसऱ्याचे लेखी संमतिपत्र जवळ असणे हिताचे. एका पालकाच्या नकळत मूल देशाबाहेर नेले जाऊ नये, यासाठी ही काळजी.

अमेरिकेतील मराठी घरांत ही बाब अधिक गुंतागुंतीची होते. एकाच घरातील तिकडे जन्मलेली, अमेरिकन नागरिक असलेली धाकटी मुलगी दाखल्यावर प्रवास करू शकते. पुण्यास जन्मलेला, भारतीय नागरिक असलेला तिचा थोरला भाऊ मात्र करू शकत नाही. त्याला व आईबापांना भारतीय पारपत्र आणि अमेरिकेत परतण्याचा अधिकार दाखविणारे कागद हवेतच.

त्या पारपत्राचा पायाही पुन्हा जन्मनोंदणीच. भारतात १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यावयाची असते. नाव ठरले नसले तरी नोंद अडत नाही. ते बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या पारपत्रासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून आता केवळ जन्मदाखलाच चालतो. बारशाच्या गडबडीत निबंधकाच्या कार्यालयात घातलेली एक खेप म्हणूनच वाया जात नाही. नावाची व आडनावाची अक्षरे त्याच वेळी तपासून घ्यावीत. त्या वहीत आज पडलेली चूक पुढे मुलाच्या प्रत्येक कागदावर उमटत जाते, आणि ती निस्तरण्याची पाळी बहुधा प्रवासाच्या ऐन तोंडावर येते.