काळ्या दगडावरची रेघ किती टिकते?

अकोल्याहून वाशिमकडे येताना पातूरचा घाट चढला की पुढे मेडशी लागते. या मुलखात रस्त्यासाठी कापलेली दरड जरा थांबून पाहावी. पिवळट मुरमात काळे गोल गोटे रुतलेले दिसतात. पाहणारा लगेच म्हणतो, इथून पूर्वी नदी वाहत असणार. नदीच्या पात्रात हा हिशेब बरोबर ठरतो, दरडीत नाही. इथले गोटे जागचे हललेलेच नसतात.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला भेगा पडल्या. भेगांतून पाणी शिरले. चौकोनी ठोकळ्याच्या सपाट बाजूवर पाणी एकाच अंगाने काम करते, कडेवर दोन, कोपऱ्यावर तीन. म्हणून कोपरे आधी कुजतात आणि आत गोल गाभा उरतो. गोट्याभोवती कांद्यासारखे पापुद्रे असतील आणि ते बोटाने सुटत असतील, तर त्याला नदीने घडवलेले नाही, हे नक्की समजावे.

पण काळा पाषाण कुजतो कसा? ‘काळ्या दगडावरची रेघ’ म्हणजे न पुसणारी, असे आपण म्हणतो. अजिंठ्याच्या लेण्यांत छिन्नीचे घाव आजही दिसतात, ते उघड्या, कोरड्या भिंतीवर. तोच दगड ओल्या मातीखाली टिकत नाही. मुळांच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल बनते आणि दगडातली खनिजे फोडते. लोह गंजते, म्हणून मुरूम पिवळा-तांबूस. ग्रॅनाइटमधली गारगोटी वाळू होऊन उरते. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, ती जवळपास नसतेच, त्यामुळे त्याची शेवटी चिकणमाती होते. घाव सोसणे वेगळे आणि पाणी सोसणे वेगळे.

विहीर खणणाऱ्याला हे सारे क्रमाने भेटते: आधी काळी माती, मग मुरूम, मग कातळ. ती माती काळी म्हणून सेंद्रिय खताने भरलेली, हा समज मात्र शेतकऱ्याचे नुकसान करतो. वऱ्हाडातल्या पुष्कळ काळ्या जमिनींत सेंद्रिय कर्ब कमीच आढळतो. थोडासा कर्बही बारीक चिकणमातीला घट्ट धरून तिला गडद रंग देतो. रंगावर विसंबून शेणखत टाळू नये, माती तपासून घ्यावी.

विदारण आणि धूप यांचीही गल्लत होते. विदारणात दगड जागेवर फुटतो, कुजतो, माती होतो. धूप ती माती उचलून नेते. टेकडीवरची बरड जमीन आणि खालची भारी जमीन यांचा दगड बहुधा एकच. वर तयार झालेली माती उतरून खाली साचली, इतकेच. सेंटीमीटरभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. जूनमध्ये पेरणीआधी रान उघडे असते. तेव्हा टपोरे थेंब ढेकूळ फोडतात, आणि उताराला आडवी नांगरट वा बांध नसेल तर नाला काही तासांत मातकट होऊन वाहू लागतो.