लगेच स्किप करू नका: मुळशीतल्या जात्यावरच्या ओव्या

कमी ऐकल्या गेलेल्या अल्बमची बाजू घ्यायची, हे आपल्या या मालिकेचं काम. आजचा अल्बम मात्र जरा वेगळा आहे. त्याला कव्हर नाही, संगीतकार नाही आणि त्यात १ लाखाहून जास्त गाणी आहेत. होय, मी जात्यावरच्या ओव्यांबद्दल बोलतेय. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका.

मुळशी आणि गाणं हे दोन शब्द एकत्र आले की डोक्यात २०१८ चा ‘मुळशी पॅटर्न’ वाजायला लागतो. वाजू दे, मलाही आवडतो. पण त्याच तालुक्यातल्या कोळवडे, नांदगावसारख्या गावांतल्या बायकांनी गायलेल्या ओव्या ऑनलाइन फुकट ऐकायला मिळतात. हिंजवडी पण मुळशी तालुक्यातच येते. तिथं दिवसभर हेडफोन लावून बसणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना हे माहीत आहे?

आधी थोडक्यात, हे रेकॉर्डिंग आलं कुठून. हेमा राइरकर आणि गी प्वातवाँ हे दोघं १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांत गोरगरिबांसोबत काम करत होते. बायकांशी बोलताना त्यांच्या लक्षात आलं, की बाई सरळ जे सांगत नाही ते ओवीत सांगते. मग ओव्या लिहून घ्यायला सुरुवात झाली. हळूहळू हे काम मुळशीबाहेर, महाराष्ट्रातल्या १,००० हून जास्त गावांत आणि ३,००० हून जास्त गायिकांपर्यंत पोचलं. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक त्यात आले आणि आवाजही रेकॉर्ड व्हायला लागले. २०१७ पासून ‘पारी’ या वेबसाइटवर हा खजिना टप्प्याटप्प्यानं येतोय.

आता आरोपांकडे येऊ. मी हे रेकॉर्डिंग ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांच्याकडून तीनच तक्रारी आल्या.

पहिली तक्रार: ‘सगळ्या ओव्या सारख्याच वाटतात.’ बरोबर आहे, चाल बऱ्याचदा तीच असते. या बायका चालीला ‘गळा’ म्हणतात. काय सुंदर शब्द आहे! एका गळ्यावर कितीही ओव्या बसतात आणि तीच तर सोय आहे. रॅपमध्ये बीट तोच राहतो आणि आपण शब्दांकडे कान देतो, तसंच इथं ऐकायचं. कागदावर ओवी दोन ओळींची असते. गाताना बाई त्यात ‘बाई’, ‘गं’ असे शब्द घालते, ओळ मधेच तोडते, अर्धी ओळ परत म्हणते. दोन ओळी ताणून ती त्यांचा केवढा तरी ऐवज करते. ती ओळ कुठं तोडते आणि काय परत म्हणते, यात तिचं कसब आहे.

दुसरी तक्रार: ‘यात म्युझिकच नाही.’ अहो, दगडाच्या घरघरीवरच तर हे बसवलेलं आहे! समोरासमोर बसून दोघींनी खुंटा धरायचा, एकीनं ओवी सुरू करायची, दुसरीनं उचलायची, मधेच मूठभर वैरण घालायची. गाण्याची लय ठरते हाताच्या फेऱ्यावर. कष्टाचं गाणं अल्बममध्ये शोभत नाही असं वाटत असेल, तर एक उदाहरण देते. १९५९ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स यांनी अमेरिकेत मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात लाकूड फोडणाऱ्या कैद्यांचं गाणं रेकॉर्ड केलं. साथीला फक्त कुऱ्हाडीचे घाव. तेच गाणं पुढं ‘ओ ब्रदर, वेअर आर्ट दाऊ?’ या सिनेमाच्या अल्बममध्ये पहिलं आलं, आणि त्या अल्बमला २००२ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. कुऱ्हाड चालते, मग जातं का नको?

तिसरी तक्रार: ‘देवदेव आणि रडगाणं.’ नीट ऐका. राम-सीतेच्या ओव्या भरपूर आहेत, पण बायकांचा जीव अडकतो तो वनवासातल्या सीतेत. परभणीच्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेच्या ओव्या गातात, तेव्हा ते पुराण राहत नाही. टाकून दिलेल्या बाईचं दुःख समोर येऊन बसतं. बीडमधल्या माजलगावच्या बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब आंबेडकर येतात. कुठं माहेर आहे, कुठं भाऊ, कुठं नवऱ्याची दारू. पहाटे घर झोपलेलं असताना जे बोलता यायचं, ते यात आहे.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजू. प्रत्येक ओवी भारी आहे असं मी म्हणणार नाही. ठरावीक उपमा पुन्हापुन्हा येतात. आणि जात्याचे दिवस परत यावेत असंही मला मुळीच वाटत नाही. पहाटे उठून घरादाराचं पीठ काढणं ही हाडं मोडणारी मेहनत होती. गिरणी आली, बायकांचे खांदे सुटले, चांगलंच झालं. पण दळण गिरणीत गेलं आणि गाण्याची जागाच गेली. आता मुळशीच्या रिसॉर्टच्या दारात जातं दिसतं, वर फुलझाडाची कुंडी ठेवलेली.

म्हणूनच मी आज एवढी भांडतेय. लिहून घेतलेल्या लाखभर ओव्यांपैकी आवाजात रेकॉर्ड झाल्या त्या थोड्याच. बाकीच्यांचे शब्द आहेत, पण त्यांच्या चालीचं कुठं नोटेशन नाही. गळा कानानंच शिकायचा असतो. जात्यावर बसून तो शिकलेल्या बायका आता म्हाताऱ्या झाल्यात. एखादा फ्लॉप अल्बम वीस वर्षांनी पुन्हा सापडतो, कारण त्याची कॅसेट कुठंतरी असते. इथं कॅसेट म्हणजे ती बाईच.

मग ऐकायचं कसं? मागं लावून दुसरं काम करत ऐकू नका. एका वेळी तीनच ओव्या घ्या. पहिल्यांदा पारीवर दिलेले शब्द वाचत ऐका. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त श्वास कुठं तुटतो ते ऐका. तिसऱ्यांदा शब्द आपोआप कळायला लागतात. सुरुवात मुळशीच्याच ताराबाई उभे आणि कुसुम सोनवणे यांच्यापासून करा, मग गंगूबाईंकडे जा.

आणि घरात आजी असेल तर तिला ‘ओवी म्हण ना’ असं एकदम सांगू नका, लाजेल. ‘तुमच्याकडचा गळा कसा होता गं?’ एवढंच विचारा. ती गुणगुणायला लागली, की तिला विचारून रेकॉर्डिंगचं बटण दाबा. तुमच्या फोनमध्ये तेवढी जागा नक्की असेल.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!